कार्ड तेच, प्रोसेसर तोच

गेम अडकला की पोरगं नव्या ग्राफिक्स कार्डासाठी हट्ट धरतं आणि बाप खिसा चाचपतो. दोघांनी ‘जीटीए ऑनलाइन’ची गोष्ट ऐकावी.

2013 साली आलेला हा गेम कॉम्प्युटरवर सुरू होईतो चहा टाकून यावं, अशी गत होती. 2021 मध्ये एक खेळाडू वैतागला आणि त्याने कॉम्प्युटरचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, नेटवर्क जवळपास निवांत. प्रोसेसरचा एकच कोर घाम गाळतोय! गेम आपल्या आतल्या दुकानातल्या वस्तूंची 10 एमबीची, सुमारे 63 हजार नोंदींची यादी वाचत होता. पण प्रत्येक तुकडा उचलताना उरलेल्या मजकुराची लांबी नव्याने मोजत होता. वाण्याने एकेक जिन्नस लिहिताना अख्खी वही पुन्हा चाळावी, तसलाच प्रकार. पठ्ठ्याने छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून बदल करणारा प्रोग्राम, लिहिला. सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं.

गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने दुरुस्ती स्वीकारली, 10 हजार डॉलरही दिले. आता तरी मॉडवाल्यांकडे सरसकट चोर म्हणून पाहणं गेम कंपन्यांनी सोडावं. (ऑनलाइन सामन्यात आपोआप नेम लावणारे मॉड मात्र निव्वळ लबाडी.)

आणि पालकहो, कार्डाचे पैसे मोजण्याआधी टास्क मॅनेजर उघडून दमलंय कोण ते बघा.