रेडकालाही पेंड हवी

राज्यात गाईच्या कत्तलीस आधीपासूनच, तर बैल, वळू यांच्या कत्तलीस २०१५ पासून बंदी आहे. तेव्हा मोठ्या जनावरांत मांसासाठी पोसायचा तो रेडा. पण विंझर भागात काय, इतरत्र काय, रेडकू झालं की नुसत्या भाताच्या पेंढ्यावर नि उसाच्या वाढ्यांवर टाकतात. पोट भरतं, अंग धरत नाही. दोन्हींत प्रथिनं कमी. शिवाय त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

आमचं स्पष्ट मत असं, की हाडकुळा रेडा विकणं आतबट्ट्याचंच. वैरणीची कुट्टी करा. जोडीला लसूणघास, पेंड, भरडा, क्षारमिश्रण द्या. खुराक मात्र बेताबेतानं वाढवा. एकदम वाढवला तर अपचन ठरलेलं. पेंड महाग, हे खरं. म्हणून दरमहा छातीचा घेर मोजा, वाढ नि खर्च ताडून पाहा. हिशेबाशिवाय गोठा नको!