शत्रूला नाव दिल्यावर

शत्रूला जिवंत सोडणे हा शहाणपणा की मूर्खपणा? 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेच्या १९९२ सालच्या 'आय, बोर्ग' या भागात हा प्रश्न थेट विचारला आहे.

बोर्ग म्हणजे अर्धे यंत्र, अर्धे सजीव. सगळ्यांचे मन एकच. समोर येणाऱ्या संस्कृती गिळत जाणे हेच त्यांचे काम. कॅप्टन पिकार्डला त्यांनी पूर्वी पकडून आपल्यात सामील करून घेतले होते. गायननची तर मायभूमीच त्यांनी उद्ध्वस्त केली होती. अशा लोकांच्या हाती एक जखमी बोर्ग तरुण लागतो. पिकार्ड बेत आखतो : याच्या मेंदूत न सुटणारे कोडे घालायचे आणि त्याला परत पाठवायचे. त्याच्याबरोबर अख्खी जमात संपेल.

मग जॉर्डी त्याला 'ह्यू' हे नाव देतो. गायनन त्याच्याशी बोलते आणि तिचा निर्धार डळमळतो. शेवटी ह्यू स्वतःला 'मी' म्हणून पिकार्डची आज्ञा नाकारतो, आणि बेत रद्द होतो.

इथपर्यंत सगळ्यांना बरे वाटते. पण १९९३ च्या 'डिसेंट' या भागात ॲडमिरल नेचायेव्ह पिकार्डला जाब विचारते : संधी हातात असताना ती का सोडलीस? तिचा प्रश्न क्रूर म्हणून झटकता येत नाही. दयेची किंमत बहुधा दया करणारा मोजत नाही, तिसराच कुणी मोजतो.

तरीही माझे मत पिकार्डच्या बाजूने आहे. चालून आलेल्या शत्रूशी लढणे वेगळे आणि उपचारासाठी हाती आलेल्या कैद्यालाच विषाची कुपी बनवणे वेगळे. पहिल्यात आपण जीव वाचवतो. दुसऱ्यात सबंध जमात पुसून टाकतो, ज्यात आणखी किती ह्यू असतील ते आपण विचारलेलेही नसते.

मला खटकते ते वेगळेच. ह्यू 'मी' म्हणाला नसता तर? तो आपल्यासारखा बोलू लागला म्हणून वाचला. याला न्याय म्हणता येईल का? या गोष्टीत मला सर्वात मोठी वाटते ती डॉक्टर क्रशर. समोरच्याला नाव मिळण्याआधी, तो 'मी' म्हणण्याआधी, तिने त्याच्या जखमेवर उपचार केले. शत्रूने आधी आपले माणूसपण सिद्ध करावे, मग आम्ही दया करू, ही अट तिने घातली नाही.

ही अट आपण कुणाकुणाला घालतो, हे ज्याचे त्याने तपासावे.