वुजूचे हात आणि साबणाची वडी

पाच वेळचा वुजू, त्यात भांडी, कपडे, पीठ मळणं, लहान मुलांचं आवरणं. आपल्या घरातल्या बाईचे हात दिवसातून किती वेळा ओले होतात, ते एकदा मोजून पाहा. थंडी सुरू झाली की बोटांच्या पेरांना भेगा पडतात, मनगटाशी कातडी पांढरी दिसते. शाळेतल्या मुली सांगतात, “टीचर, वुजू करताना हात झोंबतात.” खोदून विचारलं तर कळतं, प्रत्येक वुजूआधी साबण लावलेला असतो.

वुजूला साबण लागत नाही, हे आधी सांगून टाकते. सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह आणि घोट्यापर्यंत पाय एवढं आलं आहे. हात तेलकट किंवा मळलेले असतील तर साबण जरूर लावा. शौचाहून आल्यावर तर लावायलाच हवा. पण असरपासून मगरिबपर्यंत घरातच अभ्यास करत बसलेल्या मुलीने दोनदा फेसवॉश लावण्याचं काहीच कारण नाही. (गोरं होण्यासाठी लावत असेल, तर तो वेगळाच आजार आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आता साबणाकडे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून साबण होतो. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, तर आपल्या त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी. साबण मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही ओढून नेतो. निरोगी त्वचा थोड्या वेळात सावरते, पण सावरण्याआधीच पुन्हा साबण लागला तर ती कोरडी पडत जाते. त्यात बोअरचं जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिळाला की चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा राखाडी थर तोच, आणि तो अंगावर व केसांतही बसतो.

यावर एक चांगला पर्याय आहे: सोडियम कोकोइल आयसेथिओनेट. नाव जिभेला जड आहे, पण त्यातला ‘कोको’ म्हणजे आपला नारळच. खोबरेल तेलातली मेदाम्लं घेऊन ते बनवतात. त्याच्या रेणूचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी. काम साबणाचंच, पण वडीचा पीएच सातच्या आसपास ठेवता येतो आणि जड पाण्यात साका धरत नाही. 1930च्या दशकात जर्मनीत या जातीची रसायनं कापडधंद्यासाठी वापरात आली. 1957 साली अमेरिकेत लिव्हर ब्रदर्सने डव्हची वडी काढली, तेव्हा ती न्हाणीघरात पोचली. अशा वडीला सिंडेट म्हणतात. त्वचेचे डॉक्टर एक्झिमा असलेल्या लेकरांना बहुधा अशीच वडी लिहून देतात.

दुकानात वेष्टनाची मागची बाजू वाचा. जो घटक सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं असतं. तिथे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असेल तर ती सिंडेट. सोडियम पामेट किंवा सोडियम पाम कर्नलेट असेल तर तो साबण. टीएफएम 76 टक्के किंवा जास्त असणं ही पहिल्या प्रतीच्या साबणाची खूण, पण तोही साबणच. जैतून आणि कलौंजीचं नाव छापलं की आपल्याकडे हात लगेच पुढे होतो. जैतूनचा साबण वाईट नाही, पण जैतूनच्या तेलातही कॉस्टिक पडतंच आणि पीएच तसाच चढा राहतो. वेष्टनावरचं चित्र पाहून बाळाच्या अंगाला काही लावू नका.

हलालचं काय? कोकोइल नारळातून येतं, तिथे अडचण नाही. मात्र त्याच वडीत स्टिअरिक आम्ल असतं, ते पामतेलातून येतं तसं जनावराच्या चरबीतूनही येऊ शकतं. वेष्टनावर शाकाहारी किंवा हलाल खूण असेल तर प्रश्न मिटतो. सोडियम टॅलोवेट म्हणजे सरळ चरबीच. साबण होताना चरबीचं रूपच पालटतं म्हणून हनफी मसलकात तो पाक मानतात. शाफई मसलकात, म्हणजे कोकणातल्या आपल्या बऱ्याच घरांत, एवढी मोकळीक नाही. मी आलिमा नाही. आपल्या मौलानांना वेष्टन दाखवूनच विचारा.

ही वडी महाग पडते. सगळ्या घराने वापरायची गरज नाही. ज्यांचे हात फुटतात ते, एक्झिमावाली मुलं आणि कोरड्या कातडीच्या दादी-नानी यांच्यापुरती वेगळी ठेवली तरी पुष्कळ. नमाजनंतर हातांना थोडं खोबरेल तेल चोळा. त्याने पुढचा वुजू अडत नाही, कारण पाणी कातडीपर्यंत पोचतं. अडवते ती नेलपॉलिश. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जा. आणि वडी जाळीच्या डबीत ठेवा. पाण्यात राहिली तर साबणाहून लवकर लिबलिबीत होते, आणि महागाची वस्तू मोरीत वाहून जाते.