पाठराखीण म्हणजे शॅपरोन नव्हे

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीविषयी मराठीत लिहिताना 'शॅपरोन'साठी 'पाठराखीण' हा प्रतिशब्द सोयीचा वाटतो, आणि त्याच्या समर्थनार्थ व्युत्पत्ती पुढे करता येते. फ्रेंच 'शाप्रों' म्हणजे कुंचीसारखे शिरोवस्त्र. कुंची डोके झाकते, सोबतीण अब्रू झाकते. 'पाठ राखणे' हेही रक्षणच. युक्तिवाद सुबक आहे, परंतु तो व्युत्पत्तीलाच अर्थ समजतो. पेरोच्या १६९७ मधील कथेतल्या मुलीचे नावच तिच्या लाल शाप्रोंवरून पडले आहे; वाटेत तिला सोबत मात्र कोणाची नसते, आणि कुंचीने लांडगा अडत नाही. (इंग्रजांनी तर हा शब्द स्त्रीलिंगी दिसावा म्हणून त्याच्या शेवटी एक जादा 'ई' जोडला. मूळ विसरून शब्द उत्तम चालला.)

शॅपरोन या संस्थेला रक्षकापेक्षा साक्षीदार हवा होता. हेन्री जेम्सच्या 'डेझी मिलर'मध्ये (१८७८) रोममधील अमेरिकन मंडळी डेझीला दूर करतात, ते तिच्या हातून काही घडल्याचे सिद्ध झाले म्हणून नव्हे. ती एका इटालियन तरुणाबरोबर एकटी हिंडते, म्हणजेच तिच्या निर्दोषपणाची ग्वाही द्यायला कोणी उरत नाही. शॅपरोन मुलीबरोबर चालते, पण पाहते ती समाजाच्या वतीने.

पाठराखीण चालते सासरच्या वाटेवर, विवाहित मुलीबरोबर, माहेरचे माणूस म्हणून. ती कधी आत्या, मावशी वा आजी असते, कधी पाठची बहीण, जिला स्वतःलाच सांभाळावे लागते. अशा पोरीने कोणाच्या शीलावर पहारा ठेवायचा? परक्या घरात नवरीला एक ओळखीचा चेहरा दिसावा, यासाठी ती जाते. हा अर्थ 'पृष्ठ' आणि 'रक्ष्' यांच्या बेरजेतून निघत नाही. तो विवाहव्यवहारातून येतो. म्हणूनच 'पाठराखण' आज गुन्हेगाराचीही होऊ शकते. हा शब्द बाजू घेतो, निवाडा करीत नाही.

प्रतिशब्दाच्या या अदलाबदलीत पाळतीला मायेचा मुलामा मिळतो, आणि डेझीचा शेवट तिच्या हट्टाचे फळ ठरतो. शॅपरोनची भूमिका घेऊ पाहणारी मिसेस वॉकर डेझीला भर रस्त्यात आपल्या बग्गीत बसायला बोलावते; ती ऐकत नाही, तेव्हा पुढे स्वतःच्याच मेजवानीत तिच्याकडे अक्षरशः पाठ फिरवते. हिला मराठीत पाठराखीण कसे म्हणावे?