पदर उडतो तेव्हा

मैत्रिणींनो, 'रजनीगंधा' (१९७४) पुन्हा कधी बघायला मिळाला, तर टॅक्सीतला प्रसंग नीट बघा हं.

बासू चटर्जींचा हा सिनेमा मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरचा. दिल्लीची दीपा (विद्या सिन्हा) मुलाखतीसाठी मुंबईला येते. जुना मित्र नवीन (दिनेश ठाकूर) तिच्यासाठी धावपळ करतो. टॅक्सीत दोघं शेजारी, मध्ये थोडं अंतर. वाऱ्याने तिचा पदर त्याच्याकडे उडतो. तो बाजूला सारत नाही, तीही आवरून घेत नाही. एक शब्द नाही, पण आपल्या हातातली निवडायची भाजी तशीच राहते!

आता गंमत बघा. नवीन मनातलं काहीच बोलत नाही. पदराचा अर्थ लावते ती दीपाच. इकडे संजय (अमोल पालेकर) सदा उशिरा येणारा, ऑफिसच्याच गप्पा मारणारा. पण निशिगंधाची फुलं आणणारा. तीही न बोललेली खूणच की! नेहमीची, म्हणून नजरेतून सुटलेली.

तारापूरला शिफ्ट करून बोईसर-पालघरला घरी परतणारे आपले 'हे' तरी कुठे फार बोलतात? पण बाजारातून डहाणूचे चिकू आठवणीने आणतात, ते कुणाला आवडतात म्हणून?

मन कधी टॅक्सीत जाऊन बसलंच, तर स्वतःला दोष देऊ नका. सिनेमाही दीपाला देत नाही. फक्त एवढं विचारा : ही खूण समोरच्याची, की माझ्याच मनाची?