हार गाडीला, कागद डिकीत

दसऱ्याच्या दिवशी दुचाकीच्या कुठल्याही शोरूमसमोर जरा वेळ उभं राहून बघा. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं, फुटलेला नारळ, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि मुहूर्त टळायच्या आत गाडी बाहेर काढायची घाई. त्या घाईत डिलिव्हरी देणारा मुलगा प्लास्टिकचं एक फोल्डर हातात ठेवतो. ‘काका, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, आता बघायला नको,’ म्हणतो आणि फोल्डर थेट डिकीत जातं. माझी कळकळीची विनंती आहे, पेढे वाटण्याआधी ते फोल्डर तिथंच उघडा.

‘पाच वर्षांचा इन्शुरन्स’ हे अर्धंच खरं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली, कुणाचा जीव गेला, तर भरपाई त्यातून मिळते. आपलीच गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली तर त्यातून छदामही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’चा भाग वेगळा असतो आणि तो बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. दोन्ही तारखा पॉलिसीवर छापलेल्या असतात. एक पाच वर्षांनंतरची, दुसरी पुढच्या दसऱ्याच्या आसपासची. घात करते ती ही दुसरी तारीख.

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाची स्कूटर गेल्या दिवाळीत पार्किंगमध्ये जळाली. कुणीतरी सोडलेला बाण भरकटून सीटवर आला. खाली लोक धावेपर्यंत सीट, मागचे पॅनेल आणि वायरिंग गेलं होतं. त्यांनी निर्धास्तपणे कपाटातून पॉलिसी आणली, ट्यूबलाइटखाली धरली. थर्ड पार्टीची चार वर्षं शिल्लक होती. ओन डॅमेज काही दिवसांपूर्वीच संपलं होतं. आठवणीचा मेसेज आलाच नव्हता, कारण पॉलिसीवर मोबाइल नंबर त्यांचा नव्हताच, विमा काढून देणाऱ्यानं भलताच टाकला होता. गाडीचे हप्ते मात्र अजून चालू होते. वहिनी तो कागद उलटसुलट करून बघत होत्या आणि पुनःपुन्हा विचारत होत्या, ‘अहो, पण पाच वर्षं लिहिलंय ना?’ त्यांना काय उत्तर द्यायचं?

म्हणून शोरूममध्येच आपलं नाव, मोबाइल नंबर, चासी नंबर आणि ती दुसरी तारीख एवढं ताडून बघा. विमा डीलरकडूनच घ्या, अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. बाहेरून घेतलेली पॉलिसी चालते. नुसतं ओन डॅमेजही सप्टेंबर 2019 पासून वेगळं मिळतं आणि ते थर्ड पार्टीवाल्या कंपनीकडूनच घ्यायला हवं असं नाही. वर्षभर क्लेम केला नसेल तर पुढच्या हप्त्यात 20 टक्के नो क्लेम बोनस मिळतो. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर तोही जातो.

आणखी एक गोष्ट ‘झिरो डेप’ची. स्कूटरचं अंग बघा, निम्म्याहून जास्त प्लास्टिक. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे दोन हजारांच्या पॅनेलला हजारच मिळतात. नव्या गाडीला झिरो डेप्रिसिएशनचे जादा पैसे भरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार करा आणि मग लगेच कंपनीला कळवा. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, क्लेमच्या वेळी कंपनी त्या मागतेच. पोलिसांत तक्रार तत्काळ दिलेली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून चोरीचा क्लेम नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलं आहे. पण त्या भरवशावर राहू नका.

धनत्रयोदशीच्या सोन्याबद्दल थोडक्यात सांगते. लॉकरमधल्या दागिन्यांचा विमा बँक काढत नाही. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावात त्यात किती तोळे बसतात, याचा हिशेब घरोघरी होईल. दागिने जास्त असतील तर घराच्या पॉलिसीत त्यांची वेगळी नोंद करून घ्या.

मला खरी काळजी वाटते ती गाडी कुणाच्या नावावर आहे याची. आपल्याकडे गाडी घेतात आईच्या किंवा बाबांच्या नावावर आणि चालवतो कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी. पॉलिसीत 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते ‘ओनर ड्रायव्हर’ला. गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे, त्याच्यापुरतंच. रोज गाडी चालवणाऱ्या लेकराला त्यातलं काहीच लागू होत नाही, आणि हे शोरूममध्ये आपणहून कुणी सांगत नाही. ज्या आईला गाडीच येत नाही, तिच्या नावानं आपण त्या संरक्षणाचे पैसे भरत असतो.

मुलगा अठरा वर्षांचा असेल, लायसन्स असेल, तर गाडी सरळ त्याच्या नावावर घ्या. तसं करायचं नसेल तर त्याची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. तेही आज जमत नसेल, तर त्याच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. दोन लाख फार नाहीत, हे मला माहीत आहे. योजनेचं वर्ष 31 मेला संपतं, म्हणून त्या सुमारास खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, हे बघायला त्याला सांगा.