मिशिगन युनियनचे दार

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ‘आपण’मध्ये समोरचा सामावतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळला जातो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन युनियनचा इतिहास वाचताना आम्हांस हा भेद सतत आठवत राहिला.

१९०४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा हेतू उदात्त होता : निरनिराळ्या विद्याशाखांत आणि मंडळांत विखुरलेल्या विद्यार्थ्यांना एका छपराखाली आणणे. पाँड या वास्तुविशारद बंधूंनी, त्यांचे बालपणीचे घर जिथे होते त्याच जागेवर, तिची भव्य इमारत उभारली. ती १९१९ मध्ये खुली झाली. विद्यापीठात स्त्रिया १८७० पासून शिकत होत्या; तरीही त्यांना समोरच्या दाराने प्रवेश नव्हता. बाजूच्या दाराने, तेही पुरुषाच्या सोबतीने यावे, असा दंडक होता. तो १९५०च्या दशकापर्यंत टिकला. बिलियर्डची खोली तर त्यानंतरही काही वर्षे पुरुषांचीच राहिली.

जुन्या काळाला आजची मोजपट्टी लावू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण ही मोजपट्टी आजची नाही. तेथील स्त्रियांनी निधी जमवून १९२९ मध्ये मिशिगन लीग ही स्वतःची वास्तू उभी केली, हा त्याच काळाने दिलेला पुरावा आहे.

१४ ऑक्टोबर १९६०च्या मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास केनेडींनी युनियनच्या पायऱ्यांवरून भाषण केले. ‘पीस कोअर’ची कल्पना त्या भाषणाशी जोडली जाते आणि त्याची स्मृती तिथे कोरलेली आहे. त्या पायऱ्या ज्या दाराकडे जातात, ते स्त्रियांना मोकळे होऊन तेव्हा काही वर्षेच झाली होती. पुढे २००० मध्ये विद्यार्थ्यांनी युनियनच्या मनोऱ्यात ३७ दिवस ठिय्या दिला. तेथील खोल्या एका गुप्त विद्यार्थिमंडळाकडे होत्या आणि त्यांत अमेरिकेतील मूलनिवासींच्या वस्तू ठेवलेल्या होत्या.

आमचा आग्रह एवढाच, की वास्तूचा गौरव लिहिताना भाषणाइतकेच दारही नोंदवावे. ज्यांना बाजूने यावे लागले आणि ज्यांनी ठिय्या दिला, त्यांनीच त्या ‘आम्ही’चे हळूहळू ‘आपण’ केले. वाङ्मयाच्या इतिहासलेखकांनीही हे ध्यानात ठेवावे.